मॉडेल रेल्वेचे लाकडी स्लीपर रंगवताना या चुका टाळा

स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, रंग नीट बसला नाही की पहिला संशय रंगावर जातो आणि नवी बाटली आणली जाते. दोष मात्र बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असतो.

सगळ्यात जास्त त्रास देतात ते फिकट डाग. पांढरा गोंद वाळला की पारदर्शक होतो, त्यामुळे स्लीपरवर सांडलेला किंवा बोटाने लागलेला गोंद डोळ्याला दिसत नाही. पण लाकडाची छिद्रं त्याने बुजलेली असतात आणि पातळ रंग आत मुरतच नाही. वरून कितीही हात मारले तरी डाग तसाच राहतो. म्हणून चिकटवण्याआधीच सगळे स्लीपर रंगात बुडवून काढा. मग चिकटवा, रूळ सपाट बसावेत म्हणून वरची बाजू पॉलिश पेपरने घासा, आणि उघड्या पडलेल्या लाकडाला दुसरा हात द्या. हे दुहेरी काम अनेकांना नकोसं वाटतं, पण बाजूंना रंग पोहोचवायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. स्लीपर बसवल्यावर त्यांच्या मधल्या फटींत ब्रश नीट जात नाही, आणि खडी पसरली तरी कोरी कड डोळ्यात खुपते. खिळे आणि रूळ या सगळ्यानंतर.

स्लीपर वाकतात ते एकाच बाजूला पाणी लागल्यामुळे. पातळ लाकडाची ओली बाजू फुगते, कोरडी तशीच राहते. ब्रशने रंगवण्याऐवजी पूर्ण बुडवा, जाळीवर सुटे वाळवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इंडिया इंक (चित्रकलेची काळी शाई) मिसळली तर लाकूड फारसं फुगतही नाही; अर्धा लिटरला एक-दोन चमचे शाई पुरते. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी आणि ज्योत लांब.

गडद काळा रंग ही पुढची चूक. क्रिओसोट (लाकूड टिकवणारं डांबरी तेल) मुरवलेला खरा नवा स्लीपर काळपट तपकिरी असतो खरा, पण ऊन-पावसात तो राखाडी पडत जातो. शिवाय खोलीतला उजेड उन्हापेक्षा खूपच मंद असतो, त्यात खरा गडद रंग आणखी काळा दिसतो. फिकटपासून सुरुवात करा. गडद करणं नेहमी हातात असतं, उजळ करणं नाही. दोन-तीन छटा वेगवेगळ्या बरण्यांत करून स्लीपर मिसळून लावा. दाट अ‍ॅक्रिलिक रंग मात्र नको, त्याखाली लाकडाच्या रेषाच झाकल्या जातात.

व्हिनेगरमध्ये स्टील वूल भिजवून केलेला रंग सुंदर येतो, पण तो लाकडातल्या टॅनिनवर, म्हणजे नैसर्गिक तुरट द्रव्यावर, अवलंबून असतो. ओकवर तो काळा होतो, बासवुड किंवा पाइनवर फिका. अशा लाकडाला आधी कडक काळ्या चहाचा हात द्या. छटा काही तासांत हळूहळू उमटते, त्यामुळे ओलं असताना घाईने दुसरा हात मारू नका. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन तयार होतो. आणि स्लीपर पूर्ण कोरडे झाल्याशिवाय लोखंडी खिळे ठोकू नका. आम्लाचा अंश राहिला तर ते गंजतात.

तेल किंवा मेण असलेलं वुड स्टेन (लाकडात मुरणारा रंग) टाळा. प्लॅस्टिकच्या चेअर (रूळ स्लीपरवर धरून ठेवणारे छोटे आधार) सॉल्व्हंटने चिकटवणार असाल तर हे फारच महत्त्वाचं, कारण मऊ झालेलं प्लॅस्टिक लाकडाच्या तंतूंत शिरूनच पकड घेतं. तंतू तेलाने भरलेले असतील तर चेअर निघून येतात.

रूळ सोल्डरने जोडता यावेत म्हणून तांब्याचा थर दिलेल्या स्लीपरवर स्टेन बसत नाही. आधी सोल्डर, मग फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेला पदार्थ) धुणं, मग प्रायमर आणि रंग.

नमुना नेहमी त्याच पट्टीच्या तुकड्यावर घ्या. वाळल्यावर त्यावर खडीसाठी वापरायचा पातळ गोंद टाकून पाहा, काही शाया त्यात विरघळून पसरतात. छटा ठरवताना तो तुकडा लेआउटच्याच (मॉडेल रेल्वेच्या मांडणीच्याच) दिव्याखाली धरा.

रूळ आधीच बसले असतील आणि डाग दिसत असेल, तर ब्लेडच्या टोकाने रेषांच्या दिशेने गोंद हलकेच खरवडा आणि बारीक ब्रशने तिथेच रंग टेकवा. तरीही मुरला नाही, तर राखाडी-तपकिरी अ‍ॅक्रिलिकचा अगदी पातळ हात द्या. एवढ्याशा जागेत तो खपून जातो.