घरच्या चायनीजची तयारी: गॅस पेटवायच्या आधी काय काय

सोलापुरात पाण्यासाठी आपण काय नाही करत, नळ कधी सुटणार म्हणून अर्ध्या झोपेतनं उठतो, टाकी भरली की बॅरल, बॅरल भरला की बादल्या, घरातली एकही कळशी रिकामी ठेवत नाही, पण घरी चायनीज करायचं ठरवलं ना की हेच पाणी आपला दुश्मन. हे मला कळलं ते पाव्हणे घरात बसलेले असताना. पोरांचा हट्ट फ्राइड राइसचा, मी रुबाबात संध्याकाळी कुकर लावला, गरम भात तसाच कढईत, कोबी धुतला तो निथळत तसाच वरून, मग सोया, मग सॉस, सगळं चौघांचं एकाच वेळी, आणि दहा मिनिटांनी जे झालं ते बघून आई एवढंच म्हणाली, "खिचडी बरी झालीय की." तेव्हापासून आमच्याकडं रविवारचं चायनीज माझ्याकडंच आहे, पण तयारी शनिवारपासून सुरू होते, ती कशी ते सांगतो, प्रमाण चार माणसांचं धरा.

पहिलं म्हणजे दिवस. घरी पाणी येतं त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच हा घाट घाला, कारण भाज्या धुणं, भात उपसणं, नूडल्स धुणं आणि शेवटी भांड्यांचा जो डोंगर पडतो ते सगळं बघता पाणी संपत आलेल्या दिवशी चायनीज म्हणजे घरात भांडण. सिलेंडर पण हलवून बघा, मोठ्या आचेचं काम आहे, मधेच गॅस संपला तर परत पेटवेपर्यंत सगळं लुळं पडतं. बर्नरची भोकं सुईने साफ करून घ्या, ज्योत पिवळी येत असेल तर आधी तेवढं बघा, बाकीचं नंतर.

आदल्या रात्रीचं मुख्य काम भात. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी अजिबात नको, चिकट होतो, बासमती नाहीतर जुना कोलम घ्या, दोन वाट्या पुरे होतात. धुऊन अर्धा तास भिजवायचा आणि कुकरला न लावता मोठ्या पातेल्यात भरपूर उकळत्या पाण्यात सोडायचा, थोडं मीठ, चमचाभर तेल, दाणा बोटात दाबला की मधे बारीक कणी लागली पाहिजे तेव्हाच चाळणीत ओतायचा. खाली जे पांढरं पाणी निघतं ते आपण सोलापूरकर टाकत नाही, गार झालं की झाडांना जातं. भात मग दोन मोठ्या ताटांत पसरा, फॅनखाली ठेवा, वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये, आणि हे सगळं तासाभरात. इथं आळस नको. भाताला बॅसिलस सेरेअस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर कोमट राहिला की ते वाढून जे विष सोडतात ते परत गरम करूनही जात नाही. उलट्या होतात त्याने, पोट बिघडतं. पुस्तकात दोन तासांत गार करा लिहिलेलं असतं पण आपल्याकडं एप्रिल-मेत पारा ४० च्या वर जातो, रात्री अकरालाही स्वयंपाकघरात घाम पुसत बसावं लागतं, म्हणून मी तासच धरतो, आणि "रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फ्राइड राइसला चांगला" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, शिळा चालतो पण फ्रिजमधला शिळा. फ्रिजमध्ये दाणा वरनं सुकतो, आतला स्टार्च घट्ट बसतो, म्हणून कढईत टाकल्यावर मोकळा राहतो. सकाळी बाहेर काढून हाताने गुठळ्या फोडायच्या आणि परत आत.

नूडल्स करणार असाल तर त्याला आदली रात्र लागत नाही, दोन तास आधी उकळा, पाकिटावर जेवढी मिनिटं दिलीत त्यापेक्षा एक कमी, थंड पाण्याखाली धरा, निथळू द्या, चमचाभर तेल चोळून पसरून ठेवा.

आता शेजवान चटणी, हीसुद्धा आदल्या दिवशीच करा कारण मुरली की बरी लागते, आणि माझा जीव खरा हिच्यात. बाटलीतली मिळते, पण घरची एकदा केली की बाटली घ्यावीशी वाटत नाही. २०-२५ ब्याडगी मिरच्या, देठ आणि बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास, मग मिक्सरला लावताना भिजवलेलं पाणी अगदी लागेल तेवढंच. ब्याडगीच घ्या, हावेरीकडची ती सुरकुतलेली, तिखट कमी आणि रंग असा की वेगळा रंग घालायची गरजच नाही. अर्धी वाटी तेलात १५-२० पाकळ्या लसूण आणि दोन इंच आलं, दोन्ही बारीक चिरून, पेस्ट नको, मंद आचेवर परतायचं, मग वाटलेली मिरची, आणि तेल वर सुटेपर्यंत हलवत राहायचं, वीसेक मिनिटं जातात, कंटाळा येतो, येऊ द्या. शेवटी मीठ, चमचाभर साखर, दोन चमचे व्हिनेगर, चमचाभर सोया. गार करून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, आठवडाभरात संपवायची.

एक गंमत सांगतो, शेजवान म्हणजे चीनमधला सिचुआन प्रांत, आणि तिथल्या जेवणात जी मिरी असते, जिभेला झिणझिण्या आणणारी, ती आपल्या या चटणीत नसतेच. पण तिची जवळची नातेवाईक आपल्याकडं आहे, तिरफळ, कोकणात बांगड्याच्या आमटीत घालतात ते. मसाल्याच्या दुकानात विचारा, मिळालं तर चार तिरफळांतलं काळं बी काढून टाका आणि नुसती सालं किंचित भाजून कुटून चटणीत घाला. आमच्या घरी निम्म्यांना आवडलं, निम्मे म्हणाले जीभ बधिर झाली. जीभ बधिर होणं हाच खरं तर त्याचा मुद्दा आहे पण जाऊ द्या.

रंगाबद्दल तर बोलायलाच पाहिजे. शेजारी कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी आली, त्या रंगांत रोडामाइन-बीही होता, तो कापड रंगवायचा रंग. आपण चादरी आणि टॉवेलच्या गावातली माणसं, असला रंग कुठं शोभतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. लाल रंगाची पुडी घरात आणूच नका, ब्याडगी पुरते.

भाजीला सकाळी सकाळी लक्ष्मी मंडईत जा, ऊन चढल्यावर पातीचा कांदा मान टाकतो. अर्धा किलो कोबी, घट्ट बघून, दोन गाजरं, दोन ढोबळी मिरच्या, मूठभर फरसबी, पातीच्या कांद्याच्या दोन जुड्या, लसणाचे दोन गड्डे, आलं, कोथिंबीर. सेलरी नाही मिळाली म्हणून अडून बसू नका, कोथिंबिरीच्या काड्या बारीक चिरून घातल्या की काम होतं. बेबी कॉर्न, ब्रोकोली वगैरे हौस असेल तर, मला त्यात चव दिसत नाही, रंगच दिसतो. घरी आल्यावर सगळं लगेच धुवा, म्हणजे करायच्या वेळेपर्यंत वाळायला चारपाच तास मिळतात, आणि धुतल्यावर टॉवेलवर पसरा, टॉवेलला आपल्या गावात काय तोटा. अख्ख्या भाज्या धुवायच्या, चिरलेल्या नाही. चिरायचं संध्याकाळी. कोबी लांब बारीक, गाजर काडेपेटीच्या काडीएवढं, फरसबी तिरकी, पातीचा पांढरा भाग वेगळ्या वाटीत आणि हिरवा वेगळ्या, कारण पांढरा पहिल्यांदा पडतो आणि हिरवा अगदी गॅस बंद करताना. मीठ चिरलेल्या भाजीला चुकूनही लावून ठेवू नका, पाणी सुटतं आणि मग परत आईची खिचडी.

मंचुरियनला मात्र हेच उलट. दोन वाट्या किसलेल्या कोबीला आणि अर्धी वाटी गाजराला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पाणी सुटलं की मुठीत घट्ट पिळा, आणि ते पाणी फेकू नका, ग्रेव्हीला तेच वापरायचं, चव त्यातच आहे, फक्त मग ग्रेव्हीत वेगळं मीठ घालताना हात आवरा. पिळलेल्या भाजीत तीन चमचे मैदा, तीन चमचे कॉर्नफ्लॉवर, आलं-लसूण, मिरपूड, पाण्याचा थेंब नाही. गोळे वळून लगेच तळायचे, ठेवले की परत ओले होतात. मध्यम आचेवर एकदा तळून काढा, आणि वाढायच्या आधी मोठ्या आचेवर मिनिटभर परत, मग कुरकुरीत राहतात. या मंचुरियनचा चीनच्या मांचुरियाशी काही संबंध नाही बरं का, कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकनचं पहिल्यांदा केलं असं सांगतात, लसूण-आलं-मिरची आपली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया नि कॉर्नफ्लॉवर. म्हणजे पदार्थ आपलाच, "हे काय ओरिजिनल चायनीज नाही" म्हणणाऱ्या पाव्हण्याला सांगायला बरं.

सॉस. तुमच्या फ्रिजच्या दारातल्या बाटल्यांवरच्या तारखा आधी बघा, आमच्याकडं एकदा चिली सॉस दोन वर्षं जुना निघाला. सोया, चिली सॉस, व्हिनेगर, मिरपूड, बस. कढईसमोर उभं राहून चार बाटल्यांची झाकणं उघडत बसलात तर तेवढ्यात लसूण काळा होतो, म्हणून एका वाटीत आधीच कालवून ठेवा: भाताच्या एका घाण्याला दीड चमचा सोया, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा चिली सॉस, अर्धा चमचा मिरपूड, चिमूट साखर. असे दोन घाणे तर दोन वाट्या. सोयात मीठ भरपूर असतं, मीठ शेवटी चाखून. ग्रेव्हीसाठी कॉर्नफ्लॉवर एक चमचा तीन चमचे गार पाण्यात, आणि ओतायच्या क्षणी परत ढवळा कारण ते तळाला बसतं. अजिनोमोटोचं, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटचं, म्हणाल तर तो फार मोठा राक्षस नाही, १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्शातनं ती चव शोधली आणि टोमॅटोतही तेच ग्लुटामेट असतं. चिमूटभर घाला किंवा घालू नका, आम्ही घालत नाही, कारण आईला पटत नाही आणि वाद घालण्यात भात गार होतो.

आता कढई. लोखंडी, जड, तीच आपली नेहमीची. नॉनस्टिक मोठ्या आचेवर रिकामी तापवायची नसते त्यामुळे ती बाजूला. तेल शेंगदाण्याचंच, सोलापुरात दुसरं कशाला, फक्त घाण्याचं तेल लवकर धूर सोडतं म्हणून मोठ्या आचेला रिफाइंड बरं. हॉटेलवाल्यांची भट्टी बघून कुणी घरच्या शेगडीला मोठा रेग्युलेटर लावायचा विचार करत असेल तर कृपा करून नको, ते धोक्याचं आहे. आच कमी पडते त्यावर उपाय एकच, घाणा लहान. चौघांचा भात दोनदा करा, दोन माणसांचा एका वेळी, नाहीतर कढई गार पडते, भाजीचं पाणी सुटतं आणि ते उडायच्या ऐवजी तळाला साचून सगळं उकडतं. खिडकी उघडा, फॅन बंद, ज्योत हलता कामा नये, मेमध्ये हा खरा त्याग आहे, गळ्यात पंचा घेऊन उभं राहा.

उभं राहायच्या आधी ओट्यावर डावीकडनं उजवीकडं क्रमाने मांडा: तेल, लसूण-आलं, पातीचा पांढरा भाग, गाजर-फरसबी, कोबी-ढोबळी, भात, सॉसची वाटी, हिरवी पात. ताटं-चमचे टेबलावर, पोरं हात धुऊन बसलेली, फोन लांब. रिकामी कढई चांगली तापवा, पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडाला पाहिजे, थेंब पूर्ण उडाला की मगच तेल, आणि मग लसणापासून पुढं जसं मांडलंय तसंच, गाजराला मिनिट, कोबीला अर्धं मिनिट, भात पडला की दोन मिनिटं न थांबता, सॉस भातावर न ओतता कढईच्या कडेने, म्हणजे गरम लोखंडावर तो चर्र करतो आणि गाड्यावरचा तो वास येतो.

पोरांना थाई पाहिजे असेल तर पॅड थाईसारखं काहीतरी आपल्या घरात अर्धं तयारच असतं, चिंचेचा कोळ, गूळ आणि भरडलेले भाजके शेंगदाणे. तांदळाच्या चपट्या नूडल्स उकळायच्या नाहीत, गार पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवायच्या, फिश सॉसच्या जागी सोया आणि मीठ. अस्सल नाही होत, पण ताटं चाटूनपुसून जातात.

उरलेला भात तासाभरात फ्रिजला, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफ येईपर्यंत गरम करायचा, तिसऱ्या दिवशीपर्यंत ठेवायचा नाही. कढई साबणाने घासत बसू नका, गरम असतानाच थोडं पाणी टाकून घासणीने पुसा, गॅसवर कोरडी करा, तेलाचा हात फिरवा. आणि शेजवान चटणी उरली असेल तर सोमवारी सकाळी कडक भाकरीबरोबर घ्या, वर थोडं दही.