घर सोलापुरात, आपण परदेशात, बाजार थंड: नव्यानं आलेल्यांसाठी

परदेशात येऊन सहा-आठ महिने झाले, की गावाकडून एक फोन ठरलेला असतो. "काय ओ, घर पडूनच आहे की. भाव काय उठंना. देऊन टाका की, तिकडनं कोण बघणार?" बोलणारा वाईट नसतो. पण विजापूर रोडवरचा आपला फ्लॅट अजून त्याच दराला अडकलाय हे ऐकून नव्या माणसाची झोप उडते. मग कुणी घाबरून येईल त्या भावाला विकतो, कुणी वैतागून कुलूप लावतो आणि घराकडे बघणंच सोडतो. दुसरं जास्त महागात पडतं. मंदीत बाजार किंमत थोपवून धरतो. ती खाली खेचतात थकलेली घरपट्टी, भिंतीतली भेग, अर्धवट कागद आणि कराराशिवाय बसलेला भाडेकरू. या चारही गोष्टी दुबईत, न्यू जर्सीत किंवा सिडनीत बसून हाताळता येतात. हाताला काम असलं की मनही ठिकाणावर राहतं.

दर बघायचाच असेल तर

पोर्टलवरचा दर म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा. खरा अंदाज नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या मोफत ई-सर्चमध्ये मिळतो. तिथे वसाहतीचं नाव चालत नाही. महसुली गाव (मजरेवाडी, बाळे, शेळगी वगैरे), वर्ष आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकावा लागतो. तो तुमच्या खरेदीखतावर असतो. आपल्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या लेआउटमधल्या वर्ष-दीड वर्षातल्या नोंदींची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढा आणि रकमेला क्षेत्रफळानं भागा. कार्पेट (भिंतींच्या आतलं) आणि बिल्टअप (भिंती धरून) यांची सरमिसळ मात्र करू नका. बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. वर्षातून एकदा एवढं केलं की पुरे.

सोलापूरकडून पुण्याची अपेक्षाही धरू नये. माग, विडी, व्यापार, दवाखाने आणि रेल्वे यांवर चालणारं हे शहर. शिकलेली पोरं पुण्याला जातात आणि तिथेच घर घेतात. इथला ग्राहक म्हणजे नोकरदार, व्यापारी किंवा डॉक्टर. तो राहण्यासाठी घर घेतो, घासाघीस करतो आणि वेळ लावतो. २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत आली, २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. चांगलंच झालं, पण अशा बातमीनंतर सांगितला जाणारा दर आणि सूचीत दिसणारा दर शेजारी ठेवूनच बोला.

चलनाचंही भान ठेवा. चाळीस लाखांचं घर डॉलर ७५ रुपये असताना सुमारे ५३,३०० डॉलरचं होतं, ९० रुपये असताना ४४,४०० चं. रुपयात एक पैसा न हलता डॉलरमध्ये नऊ हजारांचा खड्डा दिसतो. पण घरावर कर्ज असेल तर त्याचा हप्ताही तेवढाच स्वस्त झालेला असतो, आणि ते कुणी मोजत नाही. पैसा शेवटी जिथे खर्च होणार, त्या चलनात हिशेब मांडा. म्हातारपणी सोलापुरात राहायचं असेल, तर डॉलरचा तक्ता उघडण्याचं कारणच नाही.

कर्ज फ्लोटिंग असेल तर २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला त्याचा फायदा मिळाला का, ते बँकेला विचारा. बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. कर्ज जुन्या पद्धतीच्या दरावर असेल तर रेपोशी जोडून घ्यायला अर्ज करावा लागतो; न विचारता कुणी देत नाही.

बंद घर

आता मुख्य मुद्दा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनीचं पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, म्हणून घरोघरी हौद. बंद घरात हौद भरलेलाच राहतो, बॉल कॉक (हौद भरला की पाणी थांबवणारा तरंगता नळ) क्षार धरून अडकतो, आणि पुढच्या पाळीला तासन्‌तास पाणी वाहून पायाशी मुरतं. खाली काळी माती असेल तर खरी अडचण तिथे सुरू होते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या वर, मग पावसाळा, आणि मधूनमधून हौदाचं पाणी: पाया एका कोपऱ्यात उचलला जातो, दुसऱ्यात बसतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. बैठी घरं आणि रो-हाऊस यांत हे जास्त दिसतं.

म्हणून निघण्याआधी रस्त्याकडचा मुख्य कॉक बंद करा, हौद आणि वरची टाकी रिकामी करा. घराभोवती तीन फूट रुंद फरशी आणि तीन फुटांत बाहेरच्या बाजूला इंचभर उतार असावा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी थांबत नाही. भिंतीलगत पिंपळ उगवला असेल तर लहान असतानाच मुळासकट काढा. भेग दिसली की लगेच गवंडी बोलावू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा, शेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या. टोकं रेघेपलीकडे गेली नाहीत आणि भेग केसासारखीच राहिली, तर तो प्लास्टरचा प्रश्न. रुंदी तीन मिलिमीटरच्या पुढे गेली आणि वाढतच असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. नुसतं सिमेंट भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात तिथेच नाहीतर शेजारी नवी भेग पडते. ताणलं जाणारं सीलंट वापरायला सांगा.

बाकी छोट्या गोष्टी. बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात काही आठवड्यांत आटतं, मग गटाराचा वास आणि झुरळं घरात येतात; प्रत्येक फेरीला तांब्याभर पाणी ओतायला सांगा. काचेच्या नळ्यांचा सोलर असेल तर त्यावर जाड कापड बांधा. नळ्या कोरड्या तापतात आणि कुणी भर दुपारी पाणी सोडलं की तडकतात. इन्व्हर्टरची बॅटरी सोडवून ठेवा. फ्रिज रिकामा करा आणि दार किंचित उघडं ठेवा. मेच्या मध्यापर्यंत गच्चीवरच्या पाणी जाण्याच्या वाटा साफ झालेल्या हव्यात. कडुनिंबाचा पाला नेमका तिथेच अडकतो.

हे सगळं बघायला पगारी माणूस ठेवा. नातेवाईकाला फुकट सांगितलं तर तो पहिले दोन महिने जातो, नंतर तुम्हालाच विचारायला संकोच वाटतो. महिन्यात दोन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीचा एक व्हिडिओ मागा: नळ, गच्ची, भेग आणि विजेच्या मीटरचं रीडिंग. मेन स्विच बंद असताना रीडिंग पुढे सरकत असेल, तर कुणीतरी वीज ओढतंय. लाईट बिल ऑनलाइन भरत राहा. थकलं आणि जोडणी कायमची तोडली गेली, तर नवी घ्यायला कागदांपासून सुरुवात. घरपट्टीचंही तसंच: थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. 

भाडेकरू

बंद घरापेक्षा वापरातलं घर बरं, भाडं थोडं कमी आलं तरी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले निवासी डॉक्टर, बदलीवर आलेले बँकेचे आणि रेल्वेचे कर्मचारी हे सोलापुरातले चांगले भाडेकरू. दोन-तीन वर्षं राहतात आणि बदली झाली की जातात. करार मात्र लिव्ह अँड लायसन्सचाच (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) हवा आणि नोंदवलेलाच हवा. "ओळखीतलाच आहे की" म्हणून स्टॅम्प पेपरवर केलेला नोटरी करार महाराष्ट्रात पुरत नाही. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. नोंदवलेल्या करारावर, मुदत संपूनही न हलणाऱ्या माणसाविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दरानं भरपाई मागता येते. ऑनलाइन नोंदणीला आधार आणि बोटांचे ठसे लागतात, म्हणून परदेशातल्या मालकाला इथे मुखत्यार लागतो. भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यायला विसरू नका.

नव्या माणसाला न कळणारी एक गोष्ट: मालक अनिवासी असला की भाडेकरूनं ३० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) आणि त्यावर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापून भरायचा असतो. भाडं कितीही कमी असलं तरी. समजा भाडं महिना ९,००० आहे. वर्षाचे १,०८,००० झाले. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन ७५,६०० उरतात. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर यावर कर शून्य. विवरणपत्र भरलं की कापलेले पैसे परत येतात, न भरलं तर गेले. आणि भाडं एनआरओ खात्यातच (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं रुपयातलं खातं) घ्या. परदेशात स्थायिक झाल्यावर जुनं बचत खातं तसंच चालवणं नियमात बसत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घेणं हे अगदी पहिल्या महिन्याचं काम.

मुखत्यारपत्र

देखभाल आणि भाड्यासाठी एक, विक्रीसाठी वेगळं. मंदीच्या काळात विक्रीचे अधिकार आगाऊ देऊन ठेवू नका. घाईतला मुखत्यार घाईतला भाव घेतो. आई-वडील, भावंडं, पती-पत्नी, मुलं यांना मोबदल्याशिवाय विक्रीचे अधिकार दिले तर मुद्रांक ५०० रुपये. मित्राला दिले तर खरेदीखताइतका मुद्रांक लागतो, आणि हे नोंदणीच्या दिवशी कळलं तर व्यवहार तिथेच अडतो. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जानेवारी २०२४ पासून कॅनडा इथून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) करून पाठवता येतं. दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासात जावं लागतं. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो. पाकीट आईच्या कपाटात पडून राहतं आणि ही मुदत निघून जाते. असं होणाऱ्यांची संख्या कमी नाही.

विकायचंच असेल तर

आधी रेडीरेकनर, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारनं ठरवलेले दर, बघा. १ एप्रिल २०२५ ला दर वाढले तेव्हा सोलापूर महापालिका हद्दीतली सरासरी वाढ १०.१७ टक्के होती, राज्यातल्या महापालिकांत सगळ्यांत जास्त. बाजार थंड आणि सरकारी दर वर, असा हा पेच. समजा घर ३८ लाखांना घेतलं, सौदा ४५ लाखांना ठरला आणि रेडीरेकनरनं मूल्य ५२ लाख येतं. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक आयकर खातं सोडून देतं, म्हणजे ४९.५ लाखांपर्यंत. त्यापुढे गेलं की तुमचा नफा ७ लाखांऐवजी १४ लाख धरला जातो, आणि वरचे ७ लाख खरेदीदाराच्याही उत्पन्नात येतात. मुद्रांक तर ५२ लाखांवरच, ६ टक्क्यांनी ३,१२,०००. म्हणून सौद्याआधी मूल्यांकन काढा. घराची अवस्था खरंच वाईट असेल तर सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल घ्या आणि आयकर अधिकाऱ्याकडे मूल्यांकनाची मागणी करा. भेगेचे तारखेसकट फोटो इथे उपयोगी पडतात.

फरक दहा टक्क्यांच्या आत बसला, तर दोन वर्षांहून जुन्या घरावर नफ्याच्या १२.५ टक्के कर. महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना पर्याय निवासींना आहे, आपल्याला नाही. वरच्या उदाहरणात ७ लाखांवर उपकरासह ९१,००० रुपये होतात. पण कमी टीडीएसचा आयकर खात्याचा दाखला नसला की खरेदीदार पूर्ण ४५ लाखांवर टीडीएस कापतो: ५,८५,०००. उरलेले विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकतात. उलट खरेदीदारानं तुम्हाला निवासी समजून एवढा टीडीएस कापलाच नाही तर नोटीस त्याला येते आणि भांडण तुमच्या दारात. नफ्यावरचा कर वाचवायला घर घ्यायचं असेल तर ते भारतातच हवं. टोरांटोतलं घर चालत नाही.

"थोडे वरचे रोख घ्या की" हा प्रस्ताव येईलच. रोख पैसा परदेशात नेता येत नाही, आणि मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड. पूर्ण रक्कम एनआरओ खात्यात आली, की कर भरून आणि सीएचं प्रमाणपत्र देऊन वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते.

सौदा जमायच्या आधीच जुळवून ठेवायचे कागद: मूळ खरेदीखत, सूची क्रमांक दोन, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, बांधकाम परवाना, वापर परवाना, घरपट्टीची चालू पावती, सोसायटी किंवा अपार्टमेंटचं ना हरकत. वडिलांच्या नावावरचं घर असेल तर वारस नोंद. वापर परवाना नसला की खरेदीदाराची बँक कर्ज द्यायला कुरकुरते, आणि मंदीत कर्जाशिवाय घेणारा क्वचित भेटतो. साठेखत झालं की त्याच आठवड्यात सीएकडून कमी दरानं टीडीएस कापण्याच्या दाखल्याचा अर्ज करा. दाखला यायला महिना-दोन महिने धरा, आणि खरेदीखताची तारीख त्यानंतरचीच घाला.