दोनशिक्षकी शाळेत सहकार्य शोधताना

शिक्षकांमधील सहकार्य हा विषय संशोधनासाठी निवडला, तेव्हा मला गोव्यातील म्हापसा-मडगावच्या मोठ्या विद्यालयांत जायचे नव्हते. सत्तरी आणि धारबांदोडा तालुक्यांतील ज्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत पहिली ते चौथीचे मिळून वीस-बावीस विद्यार्थी आणि दोन शिक्षिका असतात, त्या मला पाहायच्या होत्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टाप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे सहकार्य करायचे तर एकच माणूस समोर असतो, आणि त्याच्याशी पटले नाही तर दुसरा पर्याय नसतो. या विषयावरील बहुतेक प्रश्नावल्या ही परिस्थिती गृहीत धरत नाहीत, हे मला फार उशिरा कळले.

माझी पहिली प्रश्नावली मोठ्या शाळांसाठी केलेल्या नमुन्यावरून मराठीत उतरवलेली होती. ‘विषयनिहाय शिक्षकांच्या बैठका महिन्यातून किती वेळा होतात?’ हा प्रश्न वाचून वाळपईच्या पुढच्या एका शाळेतील बाई हसल्या आणि म्हणाल्या, “आम्ही दोघीच. बैठकीला बसलो तर मुलांकडे कोण बघणार?” त्यांनी सौजन्याने ‘कधीच नाही’ या रकान्यात खूण केली. कागदावर ती शाळा सहकार्यशून्य ठरली; प्रत्यक्षात त्याच दुपारी एक बाई मतदार यादीच्या कामाला गेल्या आणि दुसऱ्या बाईंनी मधले दार उघडून चारही वर्ग एकत्र बसवले, चौथीतल्या मुलांना पहिलीच्या मुलांजवळ वाचनाला लावले आणि सहकाऱ्याच्या टाचणवहीतूनच गणिताचा पुढचा भाग घेतला. जाताना दोघींत बोलणे झाले होते ते एवढेच : “तूं वच, हांव पळयतां” (तू जा, मी बघते). ते कोंकणी वाक्य कोणत्याही रकान्यात मावण्यासारखे नव्हते.

म्हणून नव्याने काम सुरू करणाऱ्यांना माझे सांगणे असे की, आधी किमान आठवडाभर नुसते बसावे आणि प्रश्नावली नंतर करावी. दाखल्यांवर कोण सही करते, माध्यान्ह आहार आला की तो कोण चाखून पाहते, एकीची रजा पडली की वेळापत्रकाचे काय होते, बहुवर्ग अध्यापनासाठी फळ्याचे भाग कसे पाडले जातात, हे सारे नोंदवावे. अमेरिकेतील संशोधक ज्युडिथ वॉरेन लिटल यांनी १९९० मध्ये शिक्षकांच्या परस्परसंबंधांचे गप्पागोष्टी, मागितल्यास मदत, साहित्याची देवाणघेवाण आणि संयुक्त काम असे चार प्रकार मांडले, आणि त्यांत परस्परावलंबन क्रमाने वाढत जाते असे दाखवले. मांडणी उपयोगी आहे. पण मी पाहिलेल्या शाळांत हा क्रम उलटा दिसला. संयुक्त काम गरजेपोटी पहिल्या दिवसापासून होते, आणि कसे शिकवावे याविषयी मोकळेपणाने बोलणे मात्र कित्येकदा वर्षानुवर्षे होत नाही.

परवानगीबाबत थोडक्यात सांगतो. पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाचे पत्र घ्यावे, तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांना भेटावे आणि दोन्हींच्या प्रती जवळ बाळगाव्यात. मात्र पत्र हाती असले म्हणजे विश्वास मिळाला असे नाही. पट घटत चाललेल्या शाळेत वही-पेन घेऊन आलेला माणूस विलीनीकरणाची माहिती गोळा करायला आला आहे, असाच समज होतो, एका शाळेत तर पालकांनी मला सरळ विचारले, “शाळा बंद करणार काय?” मी विद्यार्थी आहे आणि माझा अहवाल पटसंख्येविषयी नाही, हे मला तीन वेळा सांगावे लागले.

भाषेचीही दक्षता घ्यावी. मुलाखत मराठीत सुरू होते, शाळेची दप्तरे मराठीत असतात, पण मनातली तक्रार बहुधा कोंकणीत बाहेर पडते. माझ्या पहिल्या काही लेखी नोंदींत मी सगळे प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिले आणि त्यातला सूरच गेला. पुढे मी बोललेले शब्द जसेच्या तसे ठेवले.

मला सर्वांत अवघड गेला तो गोपनीयतेचा भाग. नाव बदलून ‘शिक्षिका अ’ लिहिले तरी ‘शिक्षिका ब’ला ती कोण हे क्षणात कळते, कारण तिसरी कोणी नसतेच, आणि तालुक्याचे नाव दिले की कार्यालयालाही कळते. प्रबंधात मी तालुके गाळले, शाळांची वर्णने एकमेकांत मिसळली, आणि प्रत्येकीला तिच्या मुलाखतीची लेखी प्रत दुसरीच्या नकळत वाचायला दिली. एका बाईंनी पूर्ण परिच्छेद काढून टाकायला सांगितला. सहकारीण आपल्या वर्गाकडे कशी पाहते, याविषयीचा तो परिच्छेद माझ्या प्रबंधातील सर्वांत भक्कम पुरावा होता. मार्गदर्शकांनी शब्द सौम्य करून ठेवता येईल का, असे विचारले. मी दोन दिवस खटपट केली, पण कसाही लिहिला तरी तो त्या बाईंचाच म्हणून ओळखू येत होता, म्हणून काढला. ते प्रकरण आजही चार पानांनी तोकडे आहे.