रानातल्या ब्लॅकबेरीची वाईन घरी कशी करावी

वाईनची निम्मी चव फळं वेचतानाच ठरते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी ओळख. झुडपाबद्दल जराही शंका असेल तर फळाला हात लावू नका. विषारी रानफळंही तितकीच देखणी असतात आणि आंबवल्याने विष जाईल या भरवशावर राहता येत नाही. ब्लॅकबेरी तोडली की मधला पांढरट गाभा फळातच राहतो. रासबेरीचा झाडावर राहतो आणि फळ पोकळ निघतं. या एका खुणेवर विसंबू नका, पानं आणि काटेही पाहा. वाहत्या रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या शेतालगतची फळं नकोतच. पूर्ण काळं, बोट लावताच हातात येणारं फळ घ्या. बुरशीचं एकही चालणार नाही. आणि झुडूप ओरबाडू नका, पाखरांनाही त्यावरच जगायचं असतं.

साधारण साडेचार लिटरसाठी: फळं दीड किलो, साखर १ किलो, पाणी ३ लिटर, वाईन यीस्टची पुडी, १ चमचा यीस्टचं खाद्य, १ चमचा पेक्टिनेज (फळातलं पेक्टिन मोडणारं एन्झाइम), १ कॅम्पडेन गोळी (फळांवरचे जंतू आणि रानटी यीस्ट आवरणारी). भांडं खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचं किंवा काचेचं. तांबं, लोखंड, अॅल्युमिनियम नको. वापरायची प्रत्येक वस्तू निर्जंतुक करा. यात आळस केला तर व्हिनेगर होतं.

१. फळं धुऊन बादलीत चेचा. साखर गरम पाण्यात विरघळवा, थंड करून ओता. कॅम्पडेन गोळीची पूड मिसळून स्वच्छ फडक्याने झाका. (या गोळीत सल्फाइट असतं, दमेकऱ्यांनी जपावं.)

२. १२ तासांनी पेक्टिनेज घाला, म्हणजे वाईन पुढे गढूळ राहत नाही. २४ तास झाले की यीस्ट आणि त्याचं खाद्य.

३. बादली १८ ते २४ अंश सेल्सिअसला ठेवा. एक-दोन दिवसांत फसफस सुरू होते आणि फळांचा जाड थर वर येतो. तो दिवसातून दोनदा खाली दाबा. कोरडा राहिला तर बुरशी धरतो.

४. पाच-सहा दिवसांनी गाळा, फडकं पिळू नका. रस काचेच्या मोठ्या बाटलीत भरून एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारं झाकण) लावा.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं समजू नका. हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणारं उपकरण) घ्याच. सुरुवातीला साधारण १.०८५ दिसेल, शेवटी ०.९९५च्या आसपास. दोन्हींतल्या फरकाला १३१ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते, इथे जवळपास १२. काही दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला तरच पुढे जा. घाईने बूच मारलेल्या बाटल्या फुटतात आणि काचा उडतात.

नंतर नळीने वरची वाईन दुसऱ्या बाटलीत घ्या, गाळ मागे राहू द्या. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तसंच करा. निवळली की बाटल्या भरा. गोड हवी असेल तर साखर पेल्यात घाला. बाटलीत घातलीत तर यीस्ट पुन्हा जागं होऊ शकतं.

हे आंबवणं झालं. तेच उकळून ऊर्ध्वपातन करण्याच्या फंदात पडू नका: आगीचा आणि मिथेनॉल या विषारी अल्कोहोलचा धोका खरा आहे, शिवाय बहुतेक देशांत ते परवान्याशिवाय गुन्हा ठरतं. घरी वाईन करण्याचे नियमही आपल्याकडचे आधी तपासा.

बाटल्या अंधारात, थंड जागी आडव्या ठेवा. सहा महिन्यांनी एक उघडा. तुरट लागली तर बाकीच्या आणखी सहा महिने तशाच राहू द्या.