लाकडी स्क्रूचे मोठे आटे पाडताना या चुका टाळा

सुतारी बाकाच्या व्हाइससाठी, दाबयंत्रासाठी किंवा मोठ्या क्लॅम्पसाठी लाकडाचा जाड स्क्रू घरच्या वर्कशॉपमध्ये नक्की करता येतो. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने लाकडी नटात आटे पाडणाऱ्या हत्याराचं वर्णन करून ठेवलं आहे, आणि त्यामागचं तत्त्व आजही तेच आहे. तरीही पहिला स्क्रू बहुतेकांचा बिघडतो. आटे ढलप्यांसारखे निघून येतात, नट अर्ध्यात अडकतो किंवा सगळं इतकं सैल होतं की पकडच येत नाही. याचा दोष हाताच्या कौशल्याला दिला जातो, पण माझं मत वेगळं आहे. बहुतेक स्क्रू पहिला आटा पडायच्या आधीच बिघडलेले असतात. लाकूड, मापं आणि कामाचा क्रम यांत ती चूक आधीच होऊन गेलेली असते.

दांडा आधी, नट नंतर: उलटा क्रम

दांड्यावर छान आटे पाडायचे आणि मग त्याला बसेल असा नट करायचा, असं मनात येणं साहजिक आहे. पण काम अगदी याच्या उलट चालतं. आधी टॅप, म्हणजे भोकात आतून आटे पाडणारं हत्यार, टॅपने नट, आणि त्याच नटाच्या आधाराने स्क्रू. स्क्रूबॉक्स (दांड्यावर बाहेरून आटे पाडणारी, पातं बसवलेली पेटी) असो वा राउटरचा, म्हणजे फिरत्या पात्याच्या विजेच्या यंत्राचा, जिग (दांडा धरून नेणारा साचा), दोन्हींत आत एक आटे पाडलेला ठोकळा असतो. ताजी कापलेली खाच त्या ठोकळ्यात शिरते आणि दांड्याला पुढे ओढते. दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, त्या ठोकळ्यावरून ठरतं. तो ठोकळा आणि तुमचा खरा नट एकाच टॅपचे असतील तर पिच जुळणारच. टॅपचं पिच मुळात ठरवलेल्या मापापेक्षा थोडं कमी-जास्त निघालं, तरी बिघडत नाही. दोघं वेगवेगळ्या टॅपचे असतील तर कितीही काळजी घ्या, लांब नट अडकतोच.

म्हणून टॅप तयार झाला की एकाच बैठकीत दोन-तीन जादा ठोकळ्यांत आटे पाडून ठेवा. एक जिगसाठी, एक नटासाठी, एक चाचणीसाठी.

लाकूड निवडताना

आटे पडण्यासाठी लाकूड कठीण हवं, पण नुसतं कठीण असून भागत नाही, त्याचा पोत बारीक आणि सगळीकडे सारखा हवा. मेपल, बीच, हॉर्नबीम, नासपती, सफरचंद ही लाकडं यासाठी नावाजलेली आहेत. ओक आणि अ‍ॅश मजबूत असली तरी त्यांच्या वार्षिक कड्यांमध्ये एक पट्टा सच्छिद्र आणि एक घट्ट असतो. सच्छिद्र पट्ट्यावर आलेली आट्याची कड तुटते. सागात सिलिका असते, ती पात्याची धार लवकर खाते. पाईन, देवदार अशी मऊ लाकडं मोठ्या स्क्रूला घेऊच नका.

तंतूंची दिशा ही त्याहून मोठी गोष्ट आहे. दांड्यात तंतू लांबीला समांतर, सरळ हवेत. दांड्यावरचा प्रत्येक आटा आखूड तंतूंचा बनलेला असतो. तंतू तिरके धावत असतील तर एका बाजूचे आटे आणखी कच्चे होतात आणि ताण आला की तिथूनच सुटतात. गाठ नको, झाडाचा मधला गाभाही नको. गाभा असलेला दांडा वाळताना हमखास चिरतो.

नटाचा हिशेब वेगळा. नटाचं भोक तंतूंना आडवं हवं, म्हणजे फळीच्या रुंद पृष्ठभागातून आरपार. ठोकळ्याच्या टोकाकडून, तंतूंच्या दिशेने भोक पाडून आटे घेतले तर नटातले सगळेच आटे आखूड तंतूंचे होतात आणि जोर पडला की थरच्या थर निघून येतात. ही चूक वरवर पाहून लक्षात येत नाही, आणि नंतर ती दुरुस्तही करता येत नाही.

आणि ओलावा. लाकूड वाळताना वार्षिक कड्यांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडच्या दिशेने आकसतं. त्यामुळे ओलसर लाकडाचा अगदी गोल केलेला दांडा काही आठवड्यांत लंबगोल होतो. आधी लेथवर ३-४ मिमी जाड ठेवून कच्चा गोल करा, काही आठवडे वर्कशॉपमध्येच पडू द्या आणि मग शेवटच्या मापाला आणा.

मापं: कोन, खोली आणि भोक

मोठ्या लाकडी आट्यांच्या व्ही आकाराच्या खाचेला ९० अंशाचा कोन चांगला. बाजारातले बरेच तयार टॅप आणि स्क्रूबॉक्स ६० अंशाचे असतात, त्यांत काही वावगं नाही. पण टॅप ६० चा आणि राउटरचा व्ही-बिट (व्ही आकाराचं फिरतं पातं) ९० चा अशी सरमिसळ झाली तर स्क्रू आणि नट एकमेकांना फक्त एका रेषेत टेकतात. स्क्रू सुरुवातीला बरा फिरतो, काही दिवसांत ती रेषा दबते आणि खडखडायला लागतो.

५० मिमी व्यास, १२ मिमी पिच आणि ९० अंश धरा. कडा अगदी टोकदार ठेवल्या तर खाच ६ मिमी खोल येईल. पण टोकदार कड लाकडात टिकत नाही. माथ्यावर १.५ मिमी सपाट पट्टी राखायची, म्हणजे खाच ५.२५ मिमी होते आणि खाचेच्या तळाशी दांड्याचा व्यास ३९.५ मिमी उरतो. मग नटाचं भोक ४०.५ ते ४१ मिमी हवं. भोक लहान ठेवलं की आटे जास्त भरीव आणि मजबूत होतील असं वाटतं, पण प्रत्यक्षात टॅपला जास्तीचं लाकूड सोलावं लागतं आणि ठोकळाच फाटतो.

दांड्याचा व्यास नेमका ५० ठेवू नका, ४९.५ च्या आसपास ठेवा. कॅलिपरने दोन्ही टोकांना, मध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजा. दांडा एका टोकाला जरासा जाड राहिला तर जिगमध्ये तो नेमका शेवटच्या हातभर लांबीत अडकतो, आणि तिथून त्याला मागे आणताना तयार आटे मोडतात.

घरी केलेला टॅप

एवढ्या मोठ्या मापाचा टॅप विकत न घेता लाकडाचाही करता येतो. भोकात घट्ट न होता सरकेल असा दांडा घ्यायचा, त्यावर सर्पिल रेषा आखायची, त्या रेषेवर करवतीने एकसारख्या खोलीची चीर घ्यायची. नटाच्या ठोकळ्यावर बसवलेल्या मार्गदर्शक फळीतली पातळ पत्र्याची पट्टी त्या चिरेत शिरते आणि टॅपला पिचप्रमाणे पुढे नेते. दांड्यात एकच पोलादी व्ही-पातं पाचरीने पक्कं केलेलं असतं.

रेषा आखताना घेर गणिताने काढू नका. कागद प्रत्यक्ष गुंडाळून जिथे कडा भिडतात तिथे कापा. कागदाच्या दोन्ही उभ्या कडांवर पिचच्या अंतराने खुणा करा आणि डावीकडची प्रत्येक खूण उजवीकडच्या एक पायरी वरच्या खुणेला जोडा. दांडा उभा धरल्यावर समोरच्या रेषा डावीकडून उजवीकडे चढत असतील तर आटे नेहमीचे, उजवे. कागद आखलेली बाजू आत ठेवून चिकटवला तर डावे आटे तयार होतात आणि व्हाइस उलटा फिरतो. चीर घेण्याआधी एकदा थांबून हे पाहा.

पातं एका फेरीत पुरतं बाहेर काढण्याची घाई इथे सगळ्यात महाग पडते. प्रत्येक फेरीनंतर पात्यामागे जाड कागदाचा एक-एक तुकडा सरकवत खोली वाढवा, दर वेळी अर्धा मिमी पुरे. टॅप आरपार न्या, भुसा झटका, परत आणा. ठोकळा दोन्ही बाजूंनी क्लॅम्पमध्ये आवळलेला हवा आणि आटे पडेपर्यंत तो शेवटच्या मापापेक्षा मोठाच ठेवा. भोकाच्या दोन्ही तोंडांना उतार द्या आणि खाली टाकाऊ फळी लावा, नाहीतर टॅप बाहेर पडताना खालच्या कडेचे तुकडे उडतात.

स्क्रूबॉक्स आणि राउटर

स्क्रूबॉक्समधल्या पात्याचं टोक आतल्या नटाच्या आट्याच्या अगदी रेषेत हवं. ते केसभर पुढे-मागे असेल तर कापलेली खाच आणि नटाचा आटा यांची गाठ पडत नाही. दांडा जड फिरतो आणि एका बाजूचा आटा बारीक होत जातो. जोर लावून फिरवत राहू नका, पातं सरकवा. पात्याची धार दोन्ही बाजूंना सारखी आणि वस्तऱ्यासारखी हवी. दांडा आदल्या रात्री जवसाच्या तेलात भिजवून ठेवला तर तंतू मऊ पडतात आणि कड स्वच्छ निघते.

राउटरच्या जिगमध्ये पुष्कळ जण एक मोह करतात: आधी उथळ, मग पूर्ण खोल, अशा दोन फेऱ्या. इतर कामांत ते शहाणपणाचं असलं तरी इथे चालत नाही, कारण उथळ खाचेत पुढच्या नटाचा आटा मावतच नाही. बिटची उंची टाकाऊ दांड्यावर ठरवा आणि खऱ्या दांड्यावर एकाच फेरीत पूर्ण खाच घ्या. दोन फेऱ्याच हव्या असतील तर दांड्याच्या मागच्या टोकाला आधीच आटे पाडलेला स्क्रू जोडा आणि पिच त्याच्याकडून घ्या.

दांडा संथ पण न थांबता फिरवा. थांबलात की तिथे लाकूड जळतं. खाचेच्या एकाच बाजूचे तंतू उठलेले दिसले तर घाबरू नका. फिरणारा बिट एका भिंतीवर तंतू दाबतो आणि दुसऱ्यावर उचलतो, त्यामुळे थोडंसं तसं होतंच. फार उठत असतील तर बिट बोथट झाला आहे. बिट जिगने झाकलेला असू द्या, दांड्याला हात लांब राहील एवढी जादा लांबी ठेवा आणि उंची बदलताना प्लग काढा.

अडकतोय, पण का?

इथे लगेच कानस हातात घेऊ नका. आधी दोन-तीन आट्यांचा पातळ नट फिरवून पाहा. पातळ नट सहज जातो आणि लांब नट अडकतो, म्हणजे पिच जुळत नाही. घासून ते सुधारणार नाही. पातळ नटही सगळीकडे घट्ट असेल तर खाच उथळ आहे किंवा दांडा जाड आहे, आणि यावर इलाज आहे. नट एका टोकाकडून जातो आणि स्क्रू उलटा केला की अडकतो, तर व्ही एका बाजूला कललेला आहे: पात्याची धार विषम आहे किंवा जिग तिरका बसला आहे. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी घट्ट होत असेल तर दांडा लंबगोल झाला आहे.

दुरुस्तीसाठी आट्यांवर पेन्सिलीचं शिसं चोळा, नट फिरवा, चमकलेल्या जागा तेवढ्या तिकोनी कानशीने हलकेच घ्या. व्हाल्व्ह घासायची पेस्ट वापरू नका, तिचे कण लाकडात रुतून बसतात आणि आटे कायम खात राहतात. वंगणाला पॅराफिन मेण उत्तम. कोरड्या हवेत अगदी चपखल बसणारा स्क्रू दमट हवेत फुगून अडकतो, म्हणून व्यासात अर्धा ते एक मिमी मोकळीक ठेवायला कचरू नका. दोन-चार ठिकाणी कड उडाली असेल तर ती भरायच्या नादी लागू नका. नटाची लांबी निदान व्यासाइतकी असेल तर भार बाकीचे आटे उचलतात. सुट्टा झालेला तुकडा सापडला तर गोंदाने जागच्या जागी बसवा, भुसा-गोंद कालवून भरलेली पुट्टी मात्र पहिल्याच दाबाला निघून येते.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.