सापाच्या सहा फुटी पिंजऱ्यात ऊब आणि उजेड कसा बसवायचा (कोल्हापूरच्या हवेत)

माझी काकवी बॉल पायथन जातीची, म्हणजे छोटा अजगर आहे, चार फुटाच्या आसपास लांबी, रंग गुऱ्हाळातल्या ताज्या काकवीसारखा म्हणून नाव तेच पडलं. तिला ६ बाय २ बाय २ फुटांच्या पिंजऱ्यात हलवलं आणि तेव्हापासून ओळखीतले सगळे एकच विचारतायत, किती वॅटचा बल्ब लावू. वॅटचं सगळ्यात शेवटी ठरतं. अख्खा पिंजरा तापवायचाच नसतो, त्याचं एक टोक तापवायचं असतं आणि दुसरं टोक थंड राहू द्यायचं असतं, मधे कुठं पडायचं ते साप ठरवतो. आपल्यासारखी अंगातून ऊब तयार होत नाही त्याच्या, उंदीर पचवायचा तर उबेला जाणार आणि पुरे झालं की सरकणार. सरकायला जागाच नसेल तर मोठा पिंजरा करून उपयोग काय.

आधी कायद्याचं. नाग, धामण, आपल्याकडचा अजगर, कुठलाही देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरात निघाला तर सर्पमित्राला बोलवा नाहीतर वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा. बॉल पायथन आफ्रिकेतला आहे, पण साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो त्यामुळं वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. बिनकागदाचं पिल्लू स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, मनापासून सांगतो.

आता आकडे. गरम टोकाला साप जिथं पडतो त्या जागेचं तापमान ३२ ते ३४, त्या बाजूची हवा ३० च्या आसपास, थंड टोक २५ ते २७ आणि रात्री २४ च्या खाली नको. दमटपणा ६० ते ८० टक्के. इंटरनेटवर मिळणारे सल्ले बहुतेक थंड देशातले असतात, तिथं बारा महिने गरमच करायचं असतं. आपल्याकडं जानेवारीत पहाटे बाहेर १४-१५, एप्रिलमध्ये दुपारी ३७-३८, आणि जुलैत दिवसभर २४-२५ आणि कपडे चार दिवस वाळत नाहीत. म्हणजे एकच सेटिंग वर्षभर चालणार नाही हे धरूनच वायरिंग करायचं.

पिंजरा १८ एमएमच्या प्लायचा आणि पुढं सरकती काच असा केला तर ऊब टिकते, सगळ्या बाजूंनी काच असली तर थंडीत ती चारी बाजूंनी निघून जाते. दिवे आत छताला लावायचे असतील तर प्रत्येकाला जाळीचा डबा पाहिजेच, साप वर चढतो आणि गरम बल्बला वेटोळं घालून बसतो. भाजतंय तरी वेळेत उठत नाही हे पाळणाऱ्यांनी परत परत बघितलंय. मी उद्यमनगरातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून अर्ध्या इंचाच्या स्टीलच्या जाळीचे डबे करून घेतले, बल्बपासून जाळी चार इंच लांब, आणि कडा घासून घ्यायला सांगितल्या. आणल्यावर सगळीकडून बोट फिरवून बघा, बोटाला टोचतंय तिथं सापाचे खवले फाटणार.

होल्डरबद्दल लई महत्त्वाचं. घरात असतात ते पिनवाले बेकेलाइटचे होल्डर इथं चालत नाहीत. १०० वॅटच्या सिरॅमिक हीट एमिटरचा (उजेड न देता नुसती ऊब देणारा बल्ब) पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर सहज जातो, बेकेलाइट तडकतं आणि वायरचं कव्हर वितळतं. चिनी मातीचा स्क्रूवाला होल्डर घ्या, ई-२७ म्हणून मागा, वायर काचधाग्याच्या स्लीव्हची घ्या आणि त्या लाइनला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) टाका. प्लायच्या पिंजऱ्यात पाण्याचं भांडं, रोजची फवारणी आणि वीज एकत्र आहे, यात शे-पाचशे वाचवायला जाऊ नका.

उबेसाठी माझ्याकडं दिवसा ७५ वॅटचे दोन हॅलोजन एकमेकांच्या शेजारी, आणि रात्री एक १०० वॅटचा सिरॅमिक, तो उजेड देत नाही. एकच दीडशेचा का नाही, तर एका मोठ्या बल्बखाली पुरीएवढा ठिपका भाजतो आणि बाजूला गार. साप वेटोळं करून बसतो, ते सगळं वेटोळं एकदम शेकलं पाहिजे. खाली मी कडप्प्याचा दीड बाय एक फुटाचा तुकडा टाकलाय, काळा असल्यानं उष्णता पटकन धरतो आणि दिवे गेल्यावरही बराच वेळ कोमट राहतो. काकवी संध्याकाळी त्याच्यावर पोट टेकून पसरते तेव्हा तिचं अंग लगदा झाल्यासारखं सैल पडतं, ते बघितलं की माझा दिवस चांगला जातो.

बल्ब कुठलाही असो, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान बघून वीज कमी-जास्त किंवा बंद करणारा कंट्रोलर) एक मिनिटसुद्धा चालवायचा नाही. हॅलोजनला डिमिंग थर्मोस्टॅट (दिवा हळूहळू मंद-मोठा करणारा), सिरॅमिकला पल्सवाला (वीज छोट्या छोट्या झटक्यांत सोडणारा) चालतो. साधा चालू-बंदवाला हॅलोजनला लावला तर दिवा दिवसभर उघडझाप करतो, बल्ब उडतो आणि सापही बिथरतो. आपल्याकडच्या व्होल्टेजचं पण गणित ध्यानात घ्या, २३० चा १०० वॅटचा एमिटर २०० व्होल्टवर साधारण ७५ वॅटच देतो आणि २५० झालं तर ११८ च्या आसपास, म्हणजे रात्री बारानंतर गल्लीतला लोड कमी झाला की तुमचा पिंजरा आपोआप जास्त तापायला लागतो. हे थर्मोस्टॅटच सांभाळतो.

आणि प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा वायरवाला सेन्सर. गेल्या जानेवारीत माझी चूक झाली ती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. प्रोब मी नुसता कडप्प्याच्या कडेला खोचून ठेवला होता. रात्री काकवीनं तो ढकलला आणि तो पाण्याच्या भांड्यात पडला. थर्मोस्टॅटला वाटलं पिंजरा गार पडलाय, त्यानं एमिटर फुल्ल सोडला. पहाटे पाचला मला जाग आली ते काचेवर काहीतरी घासल्याचा आवाज येऊन, बघतो तर ती थंड टोकाच्या कोपऱ्यात नाक काचेला लावून वरखाली करत होती आणि कडप्प्यावर टेंपरेचर गन ४९ दाखवत होती. लांब पिंजरा होता, पळायला जागा होती म्हणून वाचली. दोन फुटी टाकीत असती तर संपलं होतं. तेव्हापासून प्रोब क्लिप आणि केबल टायनं भिंतीला घट्ट, आणि वर एक दुसरा स्वस्तातला थर्मोस्टॅट ३८ ला लावलेला, पहिला फसला की तो लाइनच तोडतो. चिकटपट्टी मात्र पिंजऱ्यात कुठंच लावायची नाही, सापाला चिकटते आणि सोडवताना कातडी निघते.

मोजायचं दोन प्रकारे. गननं पृष्ठभाग कळतो, हवा कळत नाही, त्यामुळं दोन्ही टोकांना प्रोबवाले डिजिटल मीटर लावा आणि ते साप पडतो त्या उंचीवर. गरम हवा वर जाते, छताजवळ लावलेला मीटर तीन-चार अंश जास्त सांगणार आणि खाली साप गारठलेला.

उजेडाचं सोपं आहे. ६५०० केल्विनची साधी एलईडी ट्यूब, टायमरवर बारा तास चालू बारा तास बंद. लाल किंवा निळा नाइट बल्ब नको, सापाला तो दिसतो, रात्र म्हणजे काळोखच पाहिजे. यूव्हीबी (उन्हात असतात ते अतिनील किरण) लागतंच असं नाही, पण मोठ्या पिंजऱ्यात देता येत असेल तर द्या, बॉल पायथनला सौम्य पुरतं. ५-६ टक्के यूव्हीबीची टी-५ (बारीक) ट्यूब, पिंजऱ्याच्या निम्म्या लांबीची, गरम बाजूला, सापापासून एक ते दीड फुटावर. मधे काच आली तर यूव्हीबी अडतं म्हणून खिडकीतनं येणारं ऊन त्या कामाचं नाही, शिवाय उन्हात ठेवलेला काचेचा पिंजरा भट्टी होतो. यूव्हीबी ट्यूब पेटलेली दिसली तरी वर्षभरात तिचा जोर उतरतो, तारीख लिहून ठेवा आणि बदला.

एप्रिल-मे मध्ये मी रात्रीचा सिरॅमिक बंदच ठेवतो आणि दिवसा खोलीच ३२ च्या वर गेली की हॅलोजनपण. तेव्हा काळजी थंड टोकाची असते, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून तिथं ठेवायची, आणि पत्र्याच्या खोलीत असेल तर पिंजरा खालच्या मजल्यावर आणा, दुसरा उपाय नाही. पावसाळ्यात उलटं, गारवा थोडा पण ओल लई, तेव्हा फवारणी थांबवायची, वरची जाळीची खिडकी उघडी ठेवायची आणि हॅलोजन चालू ठेवायचा. गार आणि ओलं एकत्र आलं की छातीचा आजार होतो, नाकातोंडाशी बुडबुडे आले, श्वासाला शिट्टी वाजली तर वाट न बघता डॉक्टर.

लाइट गेली तर पहिल्या तासात काही होत नाही, काच उघडू नका. थंडीत लांबलं तर पिंजऱ्यावर रग टाका पण आधी सगळे दिवे बोर्डावरून बंद करा, मध्येच लाइट आली आणि रगाखाली हॅलोजन लागला तर आग लागेल. कोमट पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून गरम टोकाला. १५० एएचच्या बॅटरीवर १०० वॅटचा एमिटर आठ-दहा तास तरी निघतो, फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा बघा.

हे सगळं साप आत सोडायच्या आधी आठवडाभर रिकाम्या पिंजऱ्यात चालवायचं, पहाटे पाच आणि दुपारी तीनचे आकडे वहीत लिहायचे. मग साप सोडल्यावर तो कुठं पडतो ते बघा. कायम गरम टोकाला चिकटून असेल तर खोली गार आहे, सारखा पाण्यात बसत असेल तर गरम जास्त झालंय नाहीतर अंगावर माइट म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे आहेत, ते खवल्यांच्या फटीत आणि डोळ्याभोवती बघा. काकवी आता दुपारी मधल्या ओंडक्याखाली असते आणि रात्री जेवल्यावर दोन दिवस कडप्प्यावर, त्या दोन दिवसात मी तिला हातसुद्धा लावत नाही.