उजनीवर गळ टाकायला होडी घेताय? आधी एवढं बघून घ्या

होडी बघायला जाण्याआधी पाणी बघायला जा. एकदा पहाटे आणि एकदा दुपारी तीननंतर. भिगवण, कुंभारगाव, पळसदेवच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्यावर पहाटे सुरकुतीसुद्धा नसते, आणि त्या शांत पाण्याकडे बघून माणूस मिळेल ती स्वस्त होडी उचलून आणतो. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की वारं सुटतं. त्याला अडवायला मध्ये डोंगर नाही की झाडी नाही, त्यामुळे बघता बघता लाटा उठतात. 2024 च्या मे महिन्यात कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवाशांची बोट उलटली आणि 6 जणांचा जीव गेला. तुमची होडी कोणत्या पाण्यासाठी हवी, हे दुपारच्या पाण्याकडे बघून ठरवा.

तिथेच काठही बघा. पाणी मागे हटलं की मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि होडी त्यावरून न्यावी लागते. विकणाऱ्याला वजन विचारून भागत नाही. जो जोडीदार रोज बरोबर येणार, त्यालाच घेऊन जा, दोघांनी उचला आणि 50 पावलं चाला. मध्ये टेकवावी लागली तर ती तुमची होडी नव्हे.

ट्रकच्या इनरवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावणारे मच्छीमार तुम्हाला दिसतील. त्यांचं उभं आयुष्य त्या पाण्यावर गेलेलं असतं. शनिवार-रविवारी गळ टाकणाऱ्याने त्यांची नक्कल करू नये, हे मी कळकळीने सांगतो. थर्माकोलचे तुकडे पडतात, आणि एक बाजू उचलली गेली की धरायला काही राहत नाही.

हवा भरायची होडी सगळ्यात स्वस्त, गाडीच्या डिकीत मावणारी, म्हणून बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात. मीही केली. पण उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर वेड्या बाभळी माजतात आणि धरण भरलं की त्या काट्यांसकट पाण्याखाली जातात. काठापासून चाळीसेक हात आत असताना माझ्या मांडीखालची बाजू मऊ लागायला लागली. आवाज काहीच नव्हता. बाहेरून हात फिरवला तर बोटांना बुडबुड्यांची माळ लागली. हवेचे 3 कप्पे वेगवेगळे होते म्हणून वल्हवत काठ गाठला. तेव्हा अशी होडी घ्यायचीच असेल तर कप्पे मोजा, तळाला जाड कापड आहे का ते चिमटीत धरून बघा, आणि बाभळीच्या बाजूला जाऊच नका. सकाळी टम्म भरलेली हवा दुपारच्या उन्हात फुगते, त्यामुळे होडी काठावर उन्हात ठेवताना थोडी हवा सोडा.

एकट्याने जाणार असाल तर वर बसायची प्लास्टिकची कयाक चांगली. ती आतून भरत नाही, उलटली तरी पुन्हा चढता येतं. अडचण जागेची. कटला लागला आणि पाठीमागची पिशवी हवी असली की वळायचं कसं, हे दुकानातच बसून करून बघा.

दोघांसाठी माझं मत जुन्या फायबरच्या होडीला. 10 ते 12 फूट लांब, मध्ये साडेतीन फूट तरी रुंद, आणि तळ सपाट, म्हणजे बसल्या बसल्या गळ टाकताना ती डुलत नाही. जुनी घेताना पालथी घालून बोटांच्या पेरांनी तळ वाजवत जा. टणटण वाजता वाजता कुठे भद्द आवाज आला तर तिथले थर सुटलेत. केसासारख्या बारीक रेषा रंगाखाली लपवलेल्या असतात, तेव्हा ताजा रंग दिसला की खुशाल शंका घ्या. तळ दुहेरी असेल तर एक टोक उचलून हलवा, आत पाणी खळखळतं का ऐका. आणि हे फार थोडे बघतात: फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड असतं. बाकांखाली फोम किंवा बंद हवेचे कप्पे नसतील तर पाणी भरलेली होडी तळाला जाते. नसतील तर 5 लिटरचे रिकामे कॅन, झाकणं घट्ट लावून, बाकांखाली पक्के बांधून टाका.

वजनाचा हिशेब कागदावर करा. तुम्ही 75 किलो, जोडीदार 70, सामान, नांगर, पाणी, डबा मिळून 20, म्हणजे 165. 250 किलो पेलणारी घ्या. सगळं चढवल्यावर काठ पाण्यापासून दीड वीत तरी वर राहायला हवा. मोटरचा मोह पहिल्या वर्षी टाळा. विजेची म्हटली तरी तिची 100 अँपिअरअवरची साधी बॅटरीच 25-30 किलो भरते, पंख्यात मच्छीमारांच्या जाळ्यांचं तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, अडकतं, आणि त्यात त्यांचंही नुकसान होतं. शिवाय यंत्रावर चालणाऱ्या नौकांसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, म्हणजे नोंदणी बघावी लागते.

परवानगी आधी काढा. बहुतेक तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो, आणि पिण्याच्या पाण्याच्या काही धरणांत होडी घालताच येत नाही.

पैसे मोजताना लाइफ जॅकेटचे आधी बाजूला काढा. पट्टे लावून कंबरभर पाण्यात बसा. ते हनुवटीवर सरकलं तर मापाचं नाही. एक जादा वल्हं, पाणी उपसायला दोरीने बांधलेला डबा, शिट्टी, आणि नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट. नांगर नेहमी पुढच्या टोकाला बांधा. मागच्या टोकाला बांधला की लाट सरळ आत येते.

पहिल्या दिवशी गळ घरीच ठेवा. छातीभर पाण्यात, जॅकेट घालून, जोडीदार काठावर उभा असताना होडी मुद्दाम उलटी करा, सरळ करा, आणि बाजूने नव्हे, मागून चढून बघा. तीन वेळा जमलं की चौथ्यांदा ओल्या कपड्यांत आणि बुटांसकट करा.